आठ दिवसांनी एक पाणी

बस सुटायच्या आधी दीड तास स्टँडवर जाऊन बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझा घरमालक होता. लोणखेड्याला त्यांच्या ओसरीलगतची खोली मी भाड्यानं घ्यायला गेलो, तेव्हा बोलणं ठरायच्या आधीच त्यांनी माझी वळकटी उचलून आत टाकली. "भाडं मंग ठरावू. आज नई ते कव्हय ऱ्हाशी?" म्हणाले. कव्हय म्हणजे केव्हा. हा एक शब्द त्या माणसाच्या तोंडी दिवसातून शंभरदा यायचा. गडी उशिरा आला, कव्हय. ताटात भाकर पडली नाही, कव्हय. ढग दाटून आले आणि पडेनात, तर अंगणात उभं राहून आभाळाला विचारायचे, कव्हय?

गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायचो. नाव सांगत नाही, मोठ्या कुळातला माणूस, नातवंडं अजून तिथं आहेत. गुजर शेतकरी. कापूस, केळी, थोडा ऊस. घरात आपसांत गुजरी बोलायचे, बाहेर अहिराणी, आणि सरकारी कागदावर अशी काही भारदस्त मराठी लिहायचे की आमच्या कचेरीतले अव्वल कारकून टोपी सावरून ती वाचायचे.

घरात घड्याळं तीन, तिन्ही वीस मिनिटं पुढं लावलेली. मी एकदा म्हटलं, "आबा, सगळीच पुढं आहेत तर खरे किती वाजले ते कळायचं कसं?" तर म्हणाले, "खरं वाजानं कोनले पडेल शे?" कापसाची धूळपेरणी ते गावाच्या आधी पंधरा दिवस उरकायचे. कोरड्या मातीत बी टाकायचं आणि पावसाची वाट पाहायची, ही रीत तिकडं सगळेच पाळतात. पण आबांना वाट पाहणं जमायचं कुठं? चार दिवसांनी जायचे आणि माती उकरून बी फुगलं का बघायचे. उकरलेलं बी किड्यामुंग्यांच्या तोंडी जायचं. मग पुन्हा पेरायचे. एका वर्षी तिबार पेरणी केली आणि वर गावालाच सांगत फिरले, की मी तर तीनदा पेरून मोकळा झालो, तुम्ही अजून एकदाच.

त्यांची बायको, तिला मी माय म्हणायचो, पोटभर हसून सांगायची, "मन्हा लगीनले या एक दिस आगोदरच उनात. मांडव बी बांधेल नव्हता."

आणि लाकडं. गोठ्याच्या मागं पत्र्याखाली बाभळीची फोडलेली वाळकी लाकडं नीट रचून ठेवलेली होती. मी आपलं साधेपणानं विचारलं, चुलीला का? माय तोंडाला पदर लावून आत गेली. आबा म्हणाले, "मन्ही शेत." म्हणजे माझी आहेत. स्वतःच्या सरणाची लाकडं! भर पावसात मेलो तर पोरांनी कोरडी लाकडं शोधत फिरायला नको, म्हणून कित्येक वर्षं आधीपासून तयारी. दर उन्हाळ्यात ती उन्हात पसरायची आणि मृगाआधी पुन्हा रचायची. असला माणूस.

आता माझ्याविषयी दोन शब्द, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी एका सरकारी कचेरीत बारनिशीला होतो. कुठल्या ते विचारू नका, आता तिथं सगळी नवी माणसं आहेत, त्यांना कशाला बोल? बारनिशी म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या कागदांची वही. कागद आला की शिक्का मारायचा, आकडा घालायचा, टेबलाटेबलाला वाटून द्यायचा. अकलेचं काम नव्हे. हंगामी नोकरी होती, वर्षाला मुदत वाढायची, आणि ती वाढवणं अव्वल कारकुनांच्या हाती. तेव्हा मी मान खाली घालून शिक्के मारायचो.

आबांकडं पूर्वी एक सालदार होता, जामसिंग. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा, पावरा. वर्षाच्या बोलीनं त्यानं आठ वर्षं आबांच्या शेतात काढली. मग डोंगरात सरकारी रस्त्याचं काम निघालं आणि तो सुरुंगाच्या टोळीत गेला. एके दिवशी एक सुरुंग उडालाच नाही. उडाला नाही म्हणून बघायला हा वाकला, तेव्हा तो उडाला. जीव वाचला. डोळे दोन्ही गेले.

तो आबांच्या ओसरीवर आला तेव्हा मी तिथंच चहा पीत होतो. बायको ठुमली पुढं, तिच्या हातात काठीचं एक टोक, दुसरं टोक याच्या हातात. आबांनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग एकदम उठले. "सरकारना रस्ता करता करता गयात ना डोया? मंग सरकार दी. लिखू अर्ज. आज नई ते कव्हय?"

कामावर अपंग झालेल्याला सरकारकडून दरमहा काही मिळायची सोय होती. अर्ज आमच्या कचेरीत यायचा. आम्ही माणूस खरा का, जखम खरी का याची चौकशी करायची आणि प्रकरण जिल्ह्याला पाठवायचं. तिथं सरकारी डॉक्टर तपासून दाखला देणार, मग बांधकाम खात्याचा शेरा, मग वर मंजुरी. आबांनी त्याच दिवशी अर्ज लिहिला, दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी जामसिंगला घेऊन पायरीवर बसले. आमचे साहेब, त्यांना सगळे रावसाहेब म्हणायचे, मनानं वाईट नव्हते. त्यांनी आत बोलावलं. आबा म्हणाले, "साहेब, याना डोया देखा. आनखी काय चौकशी करतस?" रावसाहेब म्हणाले, "आबा, करून टाकू. पण वरचं काम आहे, वेळ लागतो. अधूनमधून स्मरणपत्र देत चला."

झालं! साहेबांनी 'अधूनमधून' म्हटलं ते सहज, पण ऐकणारा केळीवाला शेतकरी होता. केळीला पाण्याची पाळी असते, आठ दिवसांनी एक पाणी. पाळी चुकली की बाग बसली. आबांनी घरी येताना वाटेतच ठरवून टाकलं. "पीकले आठ दिसले पानी लागस. कागदले बी लागस." तेव्हापासून दर मंगळवारी एक स्मरणपत्र. बुधवारी सकाळी ते माझ्या टेबलावर.

पत्र काय असायचं! "मेहेरबान साहेबांचे सेवेशी, मागील मंगळवारचे पत्राचे उत्तर नाही म्हणून हे पत्र. अर्जदारास दिसत नाही, परंतु दिवस मोजता येतात." खाली जामसिंगचा अंगठा. अंगठ्याशिवाय पत्र चालत नाही असं आबांचं ठाम मत, आणि ते नियमाला धरूनच होतं. त्यामुळे तो आंधळा माणूस दर मंगळवारी चार कोस चालत यायचा. सुरुवातीला ठुमली आणायची, पुढं पुढं वाट पायाखालची झाली म्हणून एकटाच काठी टेकत यायचा. आबा त्याचा अंगठा धरून शाईच्या गादीवर दाबायचे आणि कागदावर टेकवायचे. त्या अंगठ्याची शाई कधी निघालीच नाही. एकदा जामसिंग हसत म्हणाला, "आबा, अंगठा झिजी जाई, पन कागद काई येस नई." आबा म्हणाले, "तुन्हा अंगठा शे तवलोंग मी लिखसू."

संध्याकाळी मी घरी आलो की पहिला प्रश्न, "भाऊसाहेब, पानी भेटनं का कागदले?"

"भेटलं आबा," मी म्हणायचो.

आता त्या पाण्याचं काय व्हायचं ते सांगतो, आणि सांगताना आजही माझं तोंड कडू होतं.

कचेरीत नियम असा, की स्मरणपत्र आलं की ते सुटं ठेवायचं नाही. मूळ प्रकरणाला जोडून साहेबांपुढं ठेवायचं. पण मूळ प्रकरण तर जिल्ह्याला, डॉक्टरांच्या टेबलाकडं निघालेलं. मग ते परत मागवायचं. 'स्मरणपत्र जोडण्यासाठी प्रकरण परत पाठवावे.' तिथला कारकून ते ढिगातून काढून परत पाठवायचा. आम्ही पत्र जोडायचो, साहेबांची सही घ्यायचो, नवा जावक आकडा घालून पुन्हा रवाना करायचो. तिथं ते नव्या तारखेनं पोचायचं, म्हणून ढिगाच्या तळाशी जायचं. तळातून जरा वर सरकतंय तोवर पुढचं स्मरणपत्र. दर आठवड्याला मागवणं शक्य नव्हतं, म्हणून सात-आठ पत्रं जमली की पुन्हा मागणी. दोन वर्षांत ते प्रकरण कितीदा आलं नि गेलं याचा हिशोब माझ्या वहीत होता, कारण प्रत्येक वेळी शिक्का मीच मारला होता. डॉक्टरांनी ते एकदाही उघडलं नव्हतं. ज्यांनी कधी स्मरणपत्र दिलं नाही, अशांची प्रकरणं मागून येऊन पुढं गेली.

हे मला पहिल्यांदा प्रकरण परत आलं तेव्हाच कळलं. बुद्धू नव्हतो मी. अव्वल कारकुनांना म्हटलं, "साहेब, हे असं तर कधीच पोचायचं नाही." ते म्हणाले, "नियम तुम्ही केलात का मी? तुमचे घरमालक आहेत, सांगा त्यांना लिहू नका म्हणून. आणि उद्या ते रावसाहेबांना जाऊन म्हणाले, की बारनिशीवाला स्मरणपत्र देऊ देत नाही, तर काय कराल?" आणि ते हसले. कचेरीत सगळेच हसायचे. बुधवारचं टपाल आलं की कुणीतरी ओरडायचं, "आली रे आबांची पाळी!" मीही हसायचो. हे लिहायलाच हवं. मीही हसायचो.

मग दर मंगळवारी मी ठरवायचो, की आज सांगू. ओसरीवर आबा चष्मा लावून, जीभ दातांत धरून पत्र लिहीत असायचे, शेजारी जामसिंग अंगठा तयार ठेवून बसलेला. आत माय माझ्यासाठी कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकर थापत असायची. आणि मी म्हणायचो, पुढच्या मंगळवारी. नोकरी हंगामी, खोली स्वस्त, भाकर गरम. भित्र्या माणसाला आणखी काय लागतं?

ठुमली दर दिवाळीनंतर मजुरीला सुरतेकडं जायची, लेकरांना घेऊन. होळीला परत यायची. तोवर जामसिंग पाड्यावर एकटा, भावजय देईल ते खायचा. नाही दिलं तर नाही. त्या वर्षी निघताना ती आबांच्या दारात आली. कधी मान वर करून न बोलणारी बाई, पण त्या दिवशी बोलली. "आबा, यंदा कागद येई ना? मंग मी जास नई." आबा म्हणाले, येईल. ती आठ दिवस थांबली. मग गेली.

होळीला ती परत आली, आणि त्या उन्हाळ्यात राज्य बदललं. मुंबई राज्याचं महाराष्ट्र झालं, कचेरीवर नवी पाटी लागली, छापील कागदांवरचं जुनं नाव आम्ही हातानं खोडून नवं लिहीत बसलो. जामसिंगच्या प्रकरणावरचंही मीच खोडलं. आबांनी दोन्ही सरकारांना सारखीच, दर मंगळवारी पत्रं लिहिली.

मग तो श्रावण आला. डोंगरात तीन दिवस पाऊस लागून राहिला होता आणि मधला दिवस मंगळवार. त्या दिवशी जामसिंग आला नाही. आबा ओसरीवर येरझारा घालत होते. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचे आणि चिडायचे. "पाळी चुकाडी यानी. कव्हय येई हाऊ?" माय म्हणाली, अहो, पाऊस बघा किती आहे, आंधळा माणूस येईल कसा? आबा म्हणाले, "सांगेल शे त्याले. काई बी व्हवो, मंगळवार चुकाडानी नई."

त्यानं चुकवला नव्हता. वाटेत एक नाला आहे, एरवी घोटाभर पाण्याचा. काठी लागली तिथं तो उतरला असणार. दुसऱ्या दिवशी कोसभर खाली, बाभळीच्या काट्यांत तो सापडला. मी गेलो होतो आबांबरोबर. अंगावर कापड राहिलं नव्हतं. डाव्या अंगठ्याला शाई होती.

कोरडं लाकूड कुठं मिळणार त्या पावसात? आबा गाडी जुंपून घरी गेले आणि गोठ्यामागची सगळी लाकडं भरून आणली. पंधरा वर्षं उन्हाळ्यागणिक वाळवलेली. ती लगेच पेटली. आबा दूर उभे होते, आणि कव्हय हा शब्द त्या दिवशी त्यांच्या तोंडातून एकदाही निघाला नाही.

ठुमली पाड्यावरच होती, तेराव्यानंतर आबांनी तिला बोलावून घेतलं. मी कचेरीतून आलो तर ओसरीवर कागद पसरलेला, शाईची गादी उघडलेली, आणि ठुमली खाली बसलेली. आबा सांगत होते, "बाई, तू अंगठा दे. आते तुन्हा नावनं लिखसू. दर मंगळवारले ये. मी सोडाव नई त्यासले." ती अंगठा पुढं करत होती. तोच मंगळवार, तेच चार कोस, तोच नाला.

माझ्या तोंडून ओरडल्यासारखं निघालं, "आबा, लिहू नका!"

आणि मग सगळं सांगितलं. प्रकरण कसं परत येतं, कसं तळाशी जातं, कसं डॉक्टरांपर्यंत कधी पोचलंच नाही. ठुमलीला किती कळलं कोण जाणे. ती आपल्या कोऱ्या अंगठ्याकडं बघत बसली होती. आबांनी चष्मा काढला, घडी केली, कागदावर ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे मी पानी नई देत व्हतू. रोप उपटी उपटी देखत व्हतू."

मी म्हटलं, "तुमचा दोष नाही आबा. साहेबांनीच सांगितलं होतं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. डोळे लाल होते, पण आवाज अगदी साधा होता. "तुले कव्हय समजनं?"

अहो, एवढा साधा प्रश्न. मला दोन वर्षांपासून माहीत होतं. जामसिंग जिवंत होता, हसत होता, अंगठा झिजला म्हणत होता तेव्हापासून. एका वाक्यात सांगता आलं असतं.

"कालच," मी म्हणालो. "काल जुनी वही चाळताना लक्षात आलं."

आबांनी मान हलवली. शाईची गादी बंद केली. "बरं करं तू सांगं," म्हणाले.

त्यानंतर एकही स्मरणपत्र गेलं नाही. मंगळवारी सकाळी आबा ओसरीवर बसायचे, दोन्ही हात मांडीखाली दाबून. बघवायचं नाही. वाट बघणं हे त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा केलं, आणि ते शिक्षा भोगल्यासारखं केलं. मला संध्याकाळी काही विचारायचे नाहीत. माती उकरायचे नाहीत. प्रकरण एकदाचं ढिगाच्या वर आलं. सुरुंगाच्या दिवशी जखमा धुणाऱ्या दवाखान्याचा कागद त्यात पहिल्यापासून होता, डॉक्टरांनी त्यावरूनच दाखला दिला. खात्याचा शेरा झाला. सव्वादोन महिन्यांत मंजुरी आली, मृत्यूची नोंद गावाकडून गेली होती म्हणून वारस ठुमलीच्या नावानं. आबांनी तो हुकूम हातात घेऊन वरची तारीख वाचली, मग बोटांवर महिने मोजले. दोनच बोटं लागली. ती दोन बोटं तशीच धरून ते कितीतरी वेळ बसून होते. ठुमली त्या वर्षी सुरतेला गेली नाही. तिला आता घरी राहून ज्याला भाकर करून घालायची, तो नव्हता.

वर्षभरानं माझी नोकरी कायम झाली आणि बदली झाली. आबा मला स्टँडवर सोडायला आले. अर्थात दीड तास आधी. पण घड्याळ एकदाही काढलं नाही. तिथं गावची, शेजारच्या कळसाडीकडची, ओळखीची पाच-पन्नास माणसं होती. आबा एकेकाला धरून माझ्यापुढं आणायचे आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "याले देखा. कचेरीत इतला मानसं व्हतात, कोनी माले सांगं नई. यानी सांगं. समजनं तव्हय लगेच. हाऊ पोऱ्या एक दिस बी थांबना नई."

माणसं कौतुकानं माझ्याकडं बघायची. कुणी म्हातारं डोक्यावरून हात फिरवायचं. मी खाली बघत उभा होतो आणि लोकांना वाटत होतं, की पोरगा लाजतोय.

बस पाऊण तास उशिरा आली. तोपर्यंत आबा सांगतच होते.